आठवीच्या वर्गशिक्षकांना, शाळा उघडण्यापूर्वी

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी भागातल्या हायस्कुलांमधील आठवीच्या सर्व वर्गशिक्षकांना सप्रेम नमस्कार.

या महिनाअखेरीस मी निवृत्त होतेय. 34 वर्षांची नोकरी सगळी सरकारी मराठी प्राथमिक शाळांत गेली, त्यातली बरीचशी खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला. राहायला मात्र मी बेळगावात. सकाळी मी बसने गावाकडे निघायची आणि किणयेच्या आसपास समोरून बेळगावकडे जाणारी बस यायची. तिच्या खिडकीत माझीच पोरं असायची. आदल्या वर्षापर्यंत माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसलेली, आता आठवीत तुमच्याकडे निघालेली. जूनमध्ये मला बघून जोरजोरात हात करायची. दसऱ्याच्या सुट्टीनंतर हात करणं कमी व्हायचं, आणि डिसेंबरात खिडकीतून नुसतं बघायची. थंडीमुळे खिडक्या बंद असतात, असं मी पहिली काही वर्षं मनाला सांगितलं. नंतर कळलं की गोष्ट वेगळी आहे. तिच्याबद्दलच हे पत्र.

आपल्या कर्नाटक राज्यात सातवीपर्यंत प्राथमिक आणि आठवी ते दहावी हायस्कूल. शिक्षण हक्क कायदा पहिली ते आठवी एकच धरतो, सहा ते चौदा वयाची सगळी मुलं त्यात येतात. काही प्राथमिक शाळांना आता आठवी जोडलेलीही आहे. पण आमच्या बाजूची पोरं सातवीचा दाखला हातात घेऊन बाहेर पडतात, कुणी जवळच्या मोठ्या गावात, कुणी खानापुरात, कुणी थेट बेळगावात. म्हणजे कायद्याच्या हिशोबाने जे मूल अजून प्राथमिकचंच आहे, त्याचे शिक्षक बदलतात, सोबती बदलतात आणि आईबाप शाळेपासून लांब पडतात. हे सगळं जूनच्या एकाच आठवड्यात होतं. शहरातल्या मुलाचं असं होत नाही. तो बऱ्याचदा त्याच आवारात एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जातो.

आधी शिक्षकांचं सांगते. गावातल्या शाळेत मी एकटी तीन-तीन वर्ग घेतले. कुणाच्या घरी म्हैस व्याली, कुणाचा बाप गोव्याला कामाला गेला, कुणाची आज्जी अंथरुणाला टेकली, हे मला हजेरी घेण्याआधीच कळलेलं असायचं. मूल गप्प असलं तर का गप्प आहे हे विचारावं लागत नव्हतं. तुमच्याकडे दर तासाला नवे शिक्षक येतात. गणिताचे सर त्याला गणितापुरतं ओळखतात, कन्नडच्या मॅडम कन्नडपुरतं. हा दोष तुमचा नाही, हायस्कूलची रचनाच तशी. पण शहरातल्या मुलाला याची सवय असते. त्याला ट्यूशनचे सर वेगळे, शाळेच्या मिस वेगळ्या, रिक्षावाले मामा वेगळे, आणि तो सगळ्यांशी बोलतो. पेपर हातात पडला की, 'सर, इथं दोन मार्क का कापले?' म्हणून उभा राहतो. आमचं पोर उभं राहतं ते मान खाली घालून. मोठ्या माणसाच्या डोळ्यात डोळा घालून बोलू नये, विचारल्याशिवाय तोंड उघडू नये, हे त्याला घराने शिकवलं आणि मीही शिकवलं. तुमच्या वर्गात तीच खाली घातलेली मान 'याला काही येत नाही' किंवा 'याने काहीतरी केलंय' अशी वाचली जाते. मी स्वतः दोन-तीन हायस्कुलांत जाऊन हे बघितलंय, म्हणून सांगतेय.

काही वर्षांपूर्वीची एक मुलगी मला विसरता येत नाही. गावाचं आणि शाळेचं नाव लिहीत नाही. सातवीत असताना रोजची प्रार्थना तीच घ्यायची. मी ऑफिसच्या कागदांत अडकले की पहिली-दुसरीच्या पोरांना नली-कलीची, म्हणजे खेळत शिकायच्या पद्धतीची, कार्डं लावून द्यायची, तिच्या शिडीच्या तक्त्यावर कोण कुठं पोचलंय ते मला सांगायची. आवाज असा खणखणीत की शाळेसमोरच्या रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून ऐकायची. ती बेळगावात आठवीला गेली. दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात बाईंनी विचारलं, "काल का आली नाहीस?" ती उठून म्हणाली, "काल बस चुकली बाई, मी गावातच ऱ्हायलो." वर्ग फुटला. मागून कुणीतरी म्हणालं, "ऱ्हायलो? पोरगा हाय काय गा ही?" आणि बाईंनाही हसू आलं.

आपल्या भागात बायका 'मी आलो', 'मी गेलो', 'मी येतो' असंच बोलतात. बेळगाव, खानापूर, पार कोल्हापूरपर्यंत बायकांच्या तोंडी हेच रूप आहे. बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या विणकर गल्ल्यांतही आज्जी असंच बोलते. या पत्रात मी 'लिहिते', 'सांगते' करत असले तरी आईशी बोलताना आजही माझ्या तोंडी 'मी येतो'च येतं. त्या वर्गात हसलेल्या निम्म्या पोरींच्या घरी हेच बोललं जात असणार. पुस्तकातली भाषा वर्गात वापरायला शिकवा, जरूर शिकवा, परीक्षेत ती लागते. पण जिच्या आईची भाषा अशी भर वर्गात हसण्यावारी गेली, ती मुलगी त्या दिवशी फक्त व्याकरण शिकत नाही. दसऱ्याच्या सुट्टीत ती मला भेटायला आली. शाळा कशी आहे विचारलं तर म्हणाली, "बरी हाय बाई. तितं मी बोलतच नाही." एवढंच. आणि माझ्यासमोर खळ्यात बसून भुईमुगाच्या शेंगा तोडत राहिली. तिचं पुढं काय झालं ते खाली लिहिते.

सोबत्यांची गोष्ट याहून नाजूक आहे. शहरातल्या मुलाला मैत्री करता येते, कारण त्याला ती करावी लागते. दरवर्षी तुकडी बदलते, ट्यूशनमध्ये नवी पोरं येतात, शेजारचा फ्लॅट रिकामा होतो. गावातल्या मुलाला मैत्री करावी लागत नाही. अंगणवाडीत जी आठ-दहा पोरं शेजारी बसली तीच सातवीपर्यंत असतात, त्यातली निम्मी चुलत-मामे भावंडं. करवंदं काढायला तीच, ओढ्यावर तीच, गणपतीच्या आरतीला तीच. मैत्री ही काही करायची गोष्ट असते हेच या पोरांना ठाऊक नसतं. मग एकदम पन्नास-साठ अनोळखी मुलांत ती पडतात आणि आपल्याला कुणी हाक मारील म्हणून वाट बघत राहतात. शहरातली पोरं हाक मारत नाहीत. दुष्ट असतात म्हणून नव्हे, त्यांना वाटतं ज्याला यायचं तो येईल.

गावात सगळं गोड असतं असं मी म्हणणार नाही. अक्षर दासोहच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या, पंगतीत ताट घेऊन कोण कुणापासून सरकून बसतं हे मी वीसेक वर्षं पाहिलंय. कितीदा पंगत उठवून पुन्हा बसवली, त्याची मोजदाद नाही. बांधाच्या भांडणात दोन घरांची बोलणी तुटली की पोरांचीही तुटतात, आणि आठ जणांच्या वर्गात ज्याच्याशी बोलणी तुटली त्याला दुसरीकडे जायला जागा नसते. आठवीत अशा पोराला नवी सुरुवात मिळू शकते. तुम्ही ती द्या म्हणजे झालं.

प्रत्यक्षात काय होतं? बसने येणारी पोरं पोचतात तेव्हा पुढचे बाक भरलेले असतात. ती मागच्या दोन बाकांवर एकत्र बसतात. आठ दिवसांत त्यांचं नाव 'बसची पोरं' पडतं आणि तीन वर्षं तेच राहतं. जून 2023 मध्ये शक्ती योजना सुरू झाल्यापासून मुलींना भाडं पडत नाही, हे फार चांगलं झालं, मुलांना मात्र पास काढावा लागतो. पण बस भरून आली की आमच्या थांब्यावर थांबत नाही, आणि पुढची कधी येईल त्याचा नेम नाही. आषाढात ओढ्यावर पाणी आलं तर अर्धी पोरं पलीकडेच राहतात. जे मूल पहाटे उठून दूध डेअरीला घालून, दोन-अडीच किलोमीटर चालून थांब्यावर येतं आणि उभ्याने प्रवास करून तुमच्या फाटकाशी पोचतं, त्याला फाटक बंद मिळालं किंवा पहिला तास वर्गाबाहेर उभं राहावं लागलं तर त्याची तुमच्याशी ओळख कशी होते? 'उशिरा येणारा' अशी. तुमची त्याच्याशी? 'बाहेर उभं करणारे सर' अशी. शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही बंदी केलीय. पण मला कलम दाखवून तुम्हाला दटावायचं नाही. बसचं वेळापत्रक तुम्हाला आणि त्याला दोघांनाही सारखंच ठाऊक आहे, एवढंच लक्षात असू द्या.

आता आईबाप. इथं मला स्वतःच्या दोन चुका सांगायच्या आहेत.

पहिली वर्गातली. सहावीतला एक मुलगा रोपलावणीच्या दिवसांत सलग दोन आठवडे आला नाही. मी बापाला बोलावणं धाडलं. तो शेतातूनच आला, पायाला चिखल तसाच, टोपी काढून हातात धरलेली. शाळा सुधारणा समितीची बैठक चालू होती. त्या पाच-सात माणसांसमोर मी त्याला म्हटलं, "पोराचं वाटोळं करायचं ठरवलंय काय तुम्ही?" तो काहीच बोलला नाही. "चुकलं बाई," म्हणाला आणि गेला. त्यानंतर तो शाळेत कधी आला नाही, पंधरा ऑगस्टलाही नाही. मुलगा आला, पण माझ्याकडे बघायचा बंद झाला. सातवीनंतर हायस्कूलला गेलाच नाही. गोव्याला एका हॉटेलात कामाला लागला. बाप चुकला होता हे खरंच. पण माझं बोलणं पोराच्या कानावर गेलं तेव्हा त्याला एक बाजू घ्यावी लागली, आणि त्याने बापाची घेतली. कुठलंही मूल तेच करील.

दुसरी चूक घरातली. माझा मुलगा बेळगावात इंग्रजी माध्यमात शिकला. मराठी शाळेच्या शिक्षिकेला हे लिहिताना अवघड जातं, पण लपवून पत्र खरं होणार नाही. चौथीपासून ट्यूशन, संध्याकाळी संगणकाचा क्लास, रविवारी स्पर्धा परीक्षा. मी आणि त्याचे पप्पा प्रत्येक पालकसभेला हजर. एक-एक मार्क विचारायचो. नववीत असताना एकदा जेवताना तो म्हणाला, "आई, तुझ्या शाळेतल्या पोरांना तू पहिल्यांदा 'जेवलास काय' म्हणून विचारतेस. मला 'किती पडले' म्हणून विचारतेस." मी भाकरी तव्यावर टाकत होते. मला उत्तर देता आलं नाही. त्याच्या शाळेत काय चाललंय, कुणाशी भांडण झालंय, कुणी चिडवतंय, हे सगळं रिक्षावाल्या मामांना ठाऊक असायचं. मला फक्त मार्क ठाऊक होते.

म्हणून शहरातले आईबाप जागरूक आणि गावातले बेफिकीर, अशी जी विभागणी आपल्या स्टाफरूममध्ये होते ती मला मान्य नाही. गावातला बाप शिक्षकावर इतका विश्वास टाकतो की शाळेकडे फिरकत नाही. "तुमच्या स्वाधीन केलंय बाई, हवं तर मारा पण शिकवा," म्हणतो. शहरातला बाप इतक्या वेळा येतो की शिक्षक धास्तावतो. दोघांच्याही बोलण्यात मूल कुठं असतं? एक त्याला सोपवून जातो, दुसरा त्याचा हिशोब मागतो.

शिक्षण हक्क कायद्याच्या 24 व्या कलमात शिक्षकांची कर्तव्यं दिली आहेत. पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी, शिकण्याची कुवत, प्रगती सांगावी, असं त्यात आहे. ही भेट हायस्कूलच्या सभागृहातच आणि बुधवारी सकाळी अकरालाच व्हावी, असं त्यात लिहिलेलं नाही. बुधवारी अकरा म्हणजे मजुरीवर जाणाऱ्या बाईचा आख्खा दिवस. निपाणीकडच्या विडी कामगार आईला त्या दिवसाच्या विड्या वळता येत नाहीत. उद्यमबागेतल्या कारखान्यात पाळीवर असलेल्या बापाला रजा काढावी लागते. बाजारादिवशी संध्याकाळी, किंवा गावातल्या मारुतीच्या देवळात दिवेलागणीनंतर सभा घेऊन बघा. चार गावांची पोरं एका बसने येत असतील तर चार संध्याकाळी लागतील, वर्षातून एकदा. मला ठाऊक आहे तुमच्यावर किती कागद असतात. मीही तेच केलंय, जनगणना केली, मतदार याद्या केल्या, पोरांना शाळेत द्यायच्या अंड्यांचा हिशोब ठेवला. तरी चार संध्याकाळी मागतेय.

कागदांवरून आठवलं. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी असं सांगणारं संविधानाचं 350-अ कलम 1956 सालचं, आपला भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला त्याच वर्षीचं. त्यामुळे पोर मराठीत शिकतं. पण शाळेतून घरी जाणारा कागद पुष्कळदा कन्नडमध्ये असतो, डायरीतला शेरा इंग्रजीत. बापाला दोन्ही येत नाही. मग पोरगाच वाचून दाखवतो. काय सांगायचं आणि काय गाळायचं हे तेरा वर्षांचं पोर ठरवतं. 'गणितात मागे आहे, भेटायला या' याचं 'सहलीचे पैसे भरायचेत' असं भाषांतर झालेलं मी पाहिलंय. अशा घरात बापाचं मोठेपण कमी होतं, आणि पोरगं वयाआधी मोठं होतं. सरकारी कागद तुमच्या हातात नसतील, पण डायरीतल्या दोन ओळी मराठीत लिहिणं तुमच्याच हातात आहे. ज्यांना मराठी लिहिता येत नाही त्यांनी फोन करावा. मोडकंतोडकं बोललेलं चालतं.

आणि चालतं हे मला त्या मुलीमुळेच कळलं. तिच्या हायस्कुलातले खेळाचे सर कन्नडिग, मराठी जेमतेम. फेब्रुवारीत आमच्या गावची यात्रा होती. बसच्या पोरांनी सगळ्या शिक्षकांना आमंत्रण दिलं होतं, पोरं देतातच. आले ते एकटेच. तिच्या घरी सोप्यात घोंगडीवर बसून जेवले. आज्जी शेजारी बसून वाढत होती आणि नातीबद्दल सांगत होती, ही रानात एकटी जाते, गवे दिसले तरी घाबरत नाही, गणपतीत फुगडीला हिच्यासमोर कोण टिकत नाही. सरांना निम्मं कळलं असेल. जाताना त्यांनी आज्जीला वाकून नमस्कार केला आणि तिला म्हणाले, "सोमवार ग्राउंडवर ये. आज्जी सांगितली ना, तू पळते." त्यांच्या वाक्यातही चूक होती, पण त्यावर कुणी हसलं नाही. सोमवारी ती ग्राउंडवर गेली. नववीत ती शाळेच्या खो-खो संघात होती, संघात शहरातल्या पोरी होत्या, आणि त्यांच्याशी ती 'मी येतो, मी जातो'च बोलत होती. त्यातल्या दोघी पुढच्या यात्रेला तिच्या घरी मुक्कामाला आल्या. रात्री पत्र्यावर माकडं उड्या मारायला लागली तशा घाबरून आज्जीच्या कुशीत शिरल्या.

एक माणूस एका घरी एकदा जेवला. याहून जास्त काही केलं नव्हतं.

शाळा सुधारणा समितीच्या सदस्यांनाही दोन शब्द. कायद्याने समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या स्त्रिया. आपलं काम सातवीच्या निरोप समारंभापर्यंतच असं समजू नका. दाखला हातात दिला की पोर आपल्या गावचं राहत नाही काय? मे महिन्यात एकदा हायस्कूलच्या मुख्याध्यापकांना गावात बोलवा. आठवीला जाणारी पोरं, त्यांचे आईबाप आणि नवे शिक्षक एकदा एकमेकांची तोंडं बघू देत. आणि ज्या मुलीचं नाव अजून कुठल्याच हायस्कुलात घातलेलं नाही, तिच्या घरी आधी जा. लांबची शाळा हे कारण सांगतील, बसचा भरवसा नाही म्हणतील. ती कारणं खोटी नसतात, पण पोरगी एक वर्ष घरी बसली की पुढच्या वर्षी स्थळं यायला लागतात.

यंदा माझ्या हातून सातवी झालेली अकरा मुलं आहेत. त्यातली पाच बेळगावातल्या एकाच हायस्कुलात येणार आहेत, तीन मुली आणि दोन मुलगे. सुट्टीत मी एक वही केलीय, प्रत्येकाला दोन पानं. मार्क त्यात नाहीत, ते दाखल्यावर आहेतच. कुणाला उंच आवाजात बोललेलं सोसत नाही, कुणाला एका कानाने कमी ऐकू येतं आणि ते तो कुणाला सांगत नाही, कुणाची आई सध्या आजारी आहे, कोण फळ्यावर चित्र काढू दिलं की दिवसभर खूश असतो, असं सगळं लिहिलंय. एक मुलगी लाजते तेव्हा हसते. त्या हसण्याला उद्धटपणा समजू नका, हे मी तिच्या पानावर दोनदा लिहिलंय.

शाळा सुरू झाल्यावर जूनच्या पहिल्या सोमवारी सकाळच्या बसने मी त्या पाच जणांबरोबर येणार आहे. आता मला उलट्या दिशेच्या बसने जायचं नाही. वही तुमच्या हातात द्यायची आहे, आणि प्रत्येकाला नावाने तुमच्यासमोर उभं करायचं आहे. बस वेळेवर आली तर प्रार्थनेआधी पोचू. उशीर झाला तर कृपा करून फाटक उघडं ठेवा.

आपली,
खानापूर तालुक्यातील एक प्राथमिक शिक्षिका